अंधारातल्या जहाजाची साक्ष

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. हुकतो ना? दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून अंतर कळतं. याच युक्तीनं खोल समुद्रात बुडालेल्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर करता येते. तीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

टायटॅनिक जहाज १९१२ साली बुडालं. सुमारे दीड हजार माणसं गेली. ते अटलांटिक महासागरात सुमारे ३,८०० मीटर खोल आहे. तिथं ऊन पोचत नाही. दिवा नेला तरी थोडंच दिसतं, त्यामुळे अख्खं जहाज एका फोटोत येत नाही. २०२२ साली वरच्या बोटीतून चालवलेल्या यंत्रांनी, कशालाही हात न लावता, सात लाखांहून जास्त फोटो काढले. गोधडीच्या ठिगळांसारखा प्रत्येक फोटो शेजारच्यावर थोडा चढलेला. एकच खिळा अनेक फोटोंत दिसला, की संगणक त्याची नेमकी जागा काढतो. असं करत करत सगळं जहाज उभं राहिलं.

त्यात वाफेची एक झडप उघडी दिसली, काही बॉयलर आत चेपलेले दिसले. तज्ज्ञ म्हणतात, बुडताना ते चालूच होते. वाचलेले लोकही सांगत, दिवे जवळजवळ शेवटपर्यंत जळत होते. त्या उजेडात कितीजण होड्यांत चढले. वीज चालू ठेवणारे इंजिनिअर मात्र एकही परतले नाहीत.

जहाजाचं लोखंड जिवाणू खात आहेत. ते एक दिवस संपेल. पण खाली राबणाऱ्या त्या हातांची साक्ष आता जपली गेली आहे. मैत्रिणींनो, न दिसणाऱ्या कामाचीही नोंद राहायला हवी, हे आपल्याहून जास्त कोणाला कळणार?