बेपारी आणि उजामा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील वास्तव्याविषयी बोलावे, असा आपला आग्रह आहे. १९८८ ते १९९१ या काळात मी टांझानियात, दार-एस-सलाम येथे अर्थशास्त्र शिकवीत होतो. तेथील एका गोदी कामगाराच्या कुटुंबाशी माझा स्नेह जडला. बोलायचे ते त्याविषयीच.

स्वाहिली भाषेत भांडवलदाराला ‘बेपारी’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच, व्यापारी. ज्यूलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे भाषांतर केले, त्याचे १९६९ मधील शीर्षक ‘माबेपारी वा वेनिसी’. ‘दुका’ म्हणजे दुकान, हाही शब्द आपलाच. पूर्व आफ्रिकेने भारतीय माणूस मुख्यतः गल्ल्यामागे बसलेला पाहिला. वसाहतवादी राज्यकर्त्यांनी शहराची वर्णवार विभागणी केली होती आणि भारतीयांची पेठ व कारियाकूची आफ्रिकी वस्ती यांच्यामध्ये म्नाझी म्मोजा हे मोकळे मैदान राखले होते. १९६१ मध्ये स्वातंत्र्य आले. परंतु ते मैदान ओलांडून कोणाच्या घरी जेवायला जाणारे भारतीय माझ्या पाहण्यात फार थोडे होते.

माझे स्नेही कारियाकूतच राहत. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे सामाईक अंगण आणि एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. गिरणगावातील चाळ ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगणे नलगे. दारात ‘होदी’ म्हणून हाक द्यायची आणि आतून ‘कारिबू’ आल्यावरच पाऊल टाकायचे. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचे; पाय धरतो, असा त्याचा अर्थ सांगतात. त्यावर वडील ‘माराहाबा’ म्हणतात. गृहस्थाचे वृद्ध वडील तेथेच असत. मी प्राध्यापक, ते निरक्षर शेतकरी. पण शिकामू मीच म्हणायचे, कारण वय त्यांचे अधिक. भारतीय दुकानदार आफ्रिकी वृद्धाला शिकामू म्हणताना मला क्वचितच ऐकू आला. नोकराला तो नावानेही हाक मारीत नसे.

घरची मुले पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालीत. मग मक्याच्या पिठाचा उगाली, उकडीहून घट्ट, एकाच परातीतून सर्वांनी खायचा. आपण सहभोजनाचे कार्यक्रम केले, ठराव केले, छायाचित्रे काढली. तेथे तो कार्यक्रम नव्हता, रात्रीचे जेवण होते. माझा पगार त्या गृहस्थाच्या मजुरीच्या कितीतरी पट होता. मी साखर नेली, तर गृहिणी परतताना माझ्या पिशवीत नारळ किंवा कसावा घालीत असे. नको म्हटलेले तिला खपत नसे. मदतीची रक्कम देण्याचा विषय मी काढला नाही. त्या नारळांनी तो बंद केला होता.

‘उजामा’ या शब्दाचा अर्थच कुटुंबभाव. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्याने तो राष्ट्राचे धोरण बनवला. आपल्यापैकी अनेकांनी त्याचे कौतुक केले आहे, मीही करतो. तथापि त्याची दुसरी बाजू मला ग्रंथांतून नव्हे, त्या वृद्धाकडून कळली. १९७३ नंतर खेड्यांत एकत्र राहणे सक्तीचे झाले आणि लाखो शेतकरी हलवले गेले. दोदोमाकडचे त्यांचे घर मोडले, बाजरीचे शेत दूर पडले. पहाटे उठून तास-दीड तास चालून ते शेतावर जात. “आमच्यात उजामा आधीच होता. शेजाऱ्याची पेरणी आम्ही मिळूनच करीत होतो. मग ट्रक कशाला पाठवला?” असे ते विचारीत. नोकरशाहीने समाजवाद राबवला की काय होते, याचे याहून नेमके विवेचन माझ्या वाचनात नाही.

त्यांच्या मुलाला वेगळ्या आपत्तीने गाठले. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला. शिलिंगचे अवमूल्यन होत गेले आणि पिठाचा भाव मजुरीच्या पुढे धावू लागला. संध्याकाळी मी त्याला अवमूल्यनाचा सिद्धांत समजावीत असे. निर्यात वाढेल, हे तो मान्य करी, “गोदीत मीच पोती चढवतो, ती वाढली आहेत. पीठ मात्र कमी आणतो,” एवढेच म्हणे.

नंतर पत्रव्यवहार राहिला. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये न्येरेरे लंडनमध्ये निवर्तले, तेव्हाचे त्याचे पत्र माझ्याजवळ आहे. वडील दिवसभर रेडिओजवळ बसून होते, जेवले नाहीत, असे त्यात लिहिले आहे. ज्याच्या राजवटीत शेत दुरावले, त्या माणसाला ते शेवटपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, असेच म्हणत.