सेवेचे पावित्र्य आणि तक्रारीचा अधिकार

(पक्षाच्या कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपत्तिनिवारणाच्या कामासाठी आपल्यापैकी अनेकजण उद्या गावोगाव जाणार आहेत. निधी कसा जमवावा, धान्य कसे वाटावे, हिशेब कसा ठेवावा, यांविषयी येथे दोन दिवस चर्चा झाली. हिशेबाच्या वहीत न मावणारा एक प्रश्न मात्र राहून गेला. मदत देणाऱ्यानेच मदत घेणाऱ्याचे शोषण केले, तर त्याची तक्रार कोणी व कोणाकडे करावयाची, आणि ती ऐकणाऱ्याचे कर्तव्य कोणते?

प्रश्न काल्पनिक नाही. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, उपासमारीने मरणाऱ्या ग्रीक जनतेला अन्न पोहोचावे म्हणून ऑक्सफर्ड येथील काही सहृदय नागरिकांनी एक समिती स्थापन केली. तीच पुढे ऑक्सफॅम या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा ही संस्था तेथे धावून गेली. परंतु संस्थेच्याच काही कर्मचाऱ्यांनी तिच्या निवासस्थानी स्त्रियांना पैसे देऊन बोलाविल्याचे २०११ च्या अंतर्गत चौकशीत आढळले. चौघांना बडतर्फ करण्यात आले. तिघांना राजीनामा देऊन जाऊ देण्यात आले आणि त्यांत तेथील संचालकही होता. 'गैरवर्तन' झाल्याचे संस्थेने जाहीर केले, परंतु ते लैंगिक स्वरूपाचे होते ही गोष्ट लोकांपुढे ठेवली नाही. पुढे त्याच संचालकाला बांगलादेशात दुसऱ्या एका मदतसंस्थेत काम मिळाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने हे प्रकरण उघडकीस आणले. त्यानंतर ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि जून २०१९ मध्ये संस्थेला अधिकृत ताकीद दिली. अल्पवयीन मुलींवरील अत्याचाराचे जे आरोप संस्थेच्या कानी आले होते, त्यांचा छडा लावण्याचा पुरेसा प्रयत्न तिने केला नाही, असा आयोगाचा एक ठपका होता.

एकाच संस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आपण मोकळे होऊ नये. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथील निर्वासित छावण्यांत धान्याच्या बदल्यात मुलींच्या शरीराची मागणी होते, असे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने व एका ब्रिटिश बालकल्याण संस्थेने २००२ सालीच जगापुढे मांडले होते. त्यात ४० हून अधिक संस्थांचा उल्लेख होता. काँगोमधील इबोलाच्या साथीत स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांसंबंधी २०२१ मध्ये जो स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ८३ संशयितांचा निर्देश आहे. त्यांपैकी २१ जण जागतिक आरोग्य संघटनेच्या सेवेत होते. रोग इतका पसरलेला असताना केवळ काही व्यक्ती नीतिभ्रष्ट निघाल्या असे म्हणून भागणार नाही. त्याचे कारण व्यवस्थेतच शोधले पाहिजे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते कारण असे दिसते. बाजारात जो पैसे मोजतो तोच माल वापरतो. माल वाईट निघाला तर तो दुकान बदलतो. मदतकार्यात पैसे मोजणारा एक असतो आणि अन्न खाणारा दुसरा. देणगीदार लंडनला किंवा मुंबईला बसलेला. उपाशी माणूस छावणीत. देणगीदाराला छावणी दिसत नाही आणि छावणीतल्या माणसाचा आवाज देणगीदारापर्यंत पोहोचत नाही. या दोघांमध्ये संस्था उभी असते आणि दोन्हीकडची माहिती तिच्याच हाती असते. शिवाय छावणीतल्या स्त्रीला दुसरे दुकान नसते. ज्याच्या हाती शिधापत्रिकांची यादी, त्याच्या हाती तिच्या मुलांचे प्राण. एवढी मक्तेदारी एखाद्या कारखानदाराकडे असती, तर आपण तिच्याविरुद्ध मोर्चा काढला असता. येथे तिला सेवेचे वस्त्र लाभलेले असते, म्हणून आपण तिला वंदन करतो!

संस्था गप्प का राहतात, याचेही उत्तर याच व्यवस्थेत आहे. देणग्या नावलौकिकावर मिळतात. दोष उघड करणाऱ्या संस्थेचे नुकसान आज होते. झाकणाऱ्या संस्थेचे झाले तर उद्या. म्हणून प्रत्येक पदाधिकारी उद्यावर हवाला ठेवतो. त्या मौनाची किंमत मात्र जिची बाजू कोणी ऐकलीच नाही, तिला मोजावी लागते.

मित्रहो, हे मी दुरून बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तरुण प्राध्यापक या नात्याने मी एका मदतपथकाबरोबर त्या भागात होतो. ताडपत्र्या व पत्रे वाटणारा आमचा एक कार्यकर्ता 'संध्याकाळी एकटी ये, मग नाव यादीत घालतो' असे म्हणतो, असे एका विधवा बाईने आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या कार्यकर्तीला सांगितले. रात्री कंदिलाच्या उजेडात आमची बैठक झाली. आम्ही पाचजण होतो, पाचही पुरुष. जिने तक्रार ऐकली होती तिला आम्ही बोलाविले नाही, मग त्या बाईला कोठून बोलाविणार? बभ्रा झाला तर देणग्या आटतील, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, मुलगा कष्टाळू आहे, असे बोलणे झाले. शेवटी त्याला दुसऱ्या गावच्या केंद्रावर पाठविण्यात आले. इतिवृत्त मी लिहीत होतो. 'कामाच्या सोयीसाठी बदली' हे तीन शब्द माझ्या हातचे आहेत. त्या दुसऱ्या गावात पुढे काय घडले, हे आम्ही कधीही विचारले नाही. हैतीच्या संचालकाची हकीगत वाचली, तेव्हा मला परक्यांचा संताप आला नाही. ते इतिवृत्त आठवले.

'विरोधकांच्या हाती कोलीत' हा युक्तिवाद आपल्या चळवळीत वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. तो सर्वस्वी खोटा नाही. ऑक्सफॅमचे प्रकरण बाहेर आल्यावर, गरीब देशांना मदतच देऊ नये असे म्हणणाऱ्यांना ब्रिटनमध्ये उधाण आले होते. परंतु ते उधाण २०११ च्या सत्यकथनामुळे आले की सात वर्षांच्या झाकपाकीमुळे? कोलीत आपण झाकून ठेवले तर ते विझत नाही, घर पेटविते. आणि समजा, सत्य सांगितल्याने संस्था खरोखरच दुबळी होणार असेल, तर ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांचाच बळी देऊन तिला सबळ ठेवण्यात कोणता समाजवाद आहे?

कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा न्यास व स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे, आणि पीडित स्त्री तेथे नोकरीस असलीच पाहिजे अशी त्याची अट नाही. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्या स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरची असावी. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधीच्या २०१२ च्या कायद्यान्वये तर ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मुलांच्या बाबतीत 'आपसांत मिटवू' हा पर्याय आपल्याला उरलेलाच नाही. अशी समिती नेमण्याचे बंधन राजकीय पक्षांवर मात्र नाही, कारण तेथे मालक-नोकर संबंध नसतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. काही पक्षांना त्यामुळे हायसे वाटले असेल. आपल्याला वाटू नये. कायदा जेथे थांबतो तेथूनच आपल्या नीतीची परीक्षा सुरू होते.

म्हणून उद्या निघण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून निघावे, अशी माझी विनंती आहे. एकट्या माणसाच्या हाती यादी आणि वाटप दोन्ही देऊ नये. वाटप दिवसाउजेडी, चारचौघांत व्हावे आणि वाटणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात. मदतीबद्दल पैसा, श्रम वा अन्य काहीही द्यावयाचे नसते आणि कोणी मागितले तर कोणाला सांगावयाचे, हे त्या गावच्या बोलीत फलकावर लिहावे व वाचूनही दाखवावे. तक्रार ऐकणारी व्यक्ती पथकप्रमुखाच्या हाताखालची नसावी आणि तक्रार करणारीचा शिधा एक दिवसही थांबू नये. चौकशी चालू असता संशयिताला कामावरून दूर ठेवावे, त्याचेही म्हणणे ऐकावे, परंतु दोष सिद्ध झाल्यावर त्याला शिफारसपत्र देऊन दुसऱ्याच्या दारी पाठवू नये.

कार्यकर्त्यांवर अविश्वास दाखविल्यासारखे हे होईल, असे काहींना वाटेल. आपण खजिनदाराकडून हिशेब मागतो, तेव्हा त्याला चोर समजत नाही. पैशाचा हिशेब मागण्याची लाज आपल्याला वाटत नाही. माणसांच्या अब्रूचा हिशेब मागण्याचीच का वाटावी?

दान घेणाऱ्याने मान खाली घालावी, ही सरंजामी रीत आहे. आपण देतो ते दान नाही, आपत्तीत सापडलेल्या नागरिकाचा तो हक्क आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगत आलो. हक्क असेल तर त्याबरोबर तक्रारीचा अधिकारही आलाच. त्या विधवा बाईने १९९३ साली तो बजावला होता. ती बोलली, आम्ही ऐकले नाही. तुम्ही ऐका, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.