फाइलचं नाव : आपण नसताना बोलणारी चिठ्ठी



मी होसकोट्याहून बोलतोय. बंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्यानं कोलारकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवं आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्याबरोबर हे होसकोटेही होतं. मी मूळचा कऱ्हाडचा. लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरमध्ये, म्हणजे सामान आणि दारूगोळा सांभाळणाऱ्या खात्यात, नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलीच्या जवळ म्हणून इथे घर घेतलं.

इथे आल्यावर एक छंद लागला. या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, घरात अजून मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी आपल्यासारखी नाही. तिच्यात कन्नड मुरलेलं आहे. म्हाताऱ्या माणसांची ही बोली, त्यांची गाणी, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात आणि पुढे त्यातून एखादं बोलतं पुस्तक करावं, असं मनात आलं. एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि घरोघर फिरू लागलो.

आजचा विषय त्या पुस्तकाचा नाही. ते अजून झालेलं नाही आणि का रखडलं तेच सांगायचं आहे. विषय आहे संगणकातल्या फाइल आणि फोल्डरची नावं. विषय कोरडा वाटेल, पण पाच मिनिटं थांबा.

जानेवारी २०१९ मध्ये मी एका आजींकडे गेलो होतो. वय चौऱ्याऐंशी, आवाज खणखणीत. त्यांनी हळदीची गाणी म्हटली, चाळीसेक मिनिटं. सासूकडून शिकलेली होती. मी घरी आलो, रेकॉर्डिंग संगणकात टाकलं, फोल्डरला नाव दिलं 'नवीन' आणि झोपलो.

दीड वर्षानं आजी गेल्या. तेराव्यानंतर त्यांच्या नातीचा फोन आला. "काका, तुम्ही आजीची गाणी घेतली होती ना? मला पाठवाल?"

मी म्हटलं, "लगेच पाठवतो."

संगणक उघडला. 'नवीन', 'नवीन २', 'नवीन खरं', 'होसकोटे', 'होसकोटे जुनं', 'बघायचं आहे' असे सगळे फोल्डर. आत सहाशेच्या वर फाइली आणि बहुतेकांची नावं रेकॉर्डरनं दिलेली, ००१, ००२, ००३. चार रात्री कानाला हेडफोन लावून एकेक फाइल ऐकली. गाणी सापडली नाहीत.

काय झालं होतं ते पाचव्या दिवशी कळलं. रेकॉर्डरचं कार्ड मी मधूनमधून पुसत असे. कार्ड पुसलं की माझा रेकॉर्डर पुन्हा ००१ पासून मोजायला लागायचा. म्हणजे जानेवारीतली आजींची फाइल ००१ आणि मार्चमध्ये दुसऱ्याच गावी केलेली फाइलही ००१. एकदा पसारा आवरताना मी दोन फोल्डर एकत्र केले. संगणकानं विचारलं, याच नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? मला वाटलं, एकाच फाइलच्या दोन प्रती असतील. मी 'हो, सगळ्यांना' दाबलं. चाळीस मिनिटांची गाणी गेली. कार्डावर तोवर दहा वेळा दुसरं काही भरलं होतं, त्यामुळे तिथूनही काही निघालं नाही.

नातीला सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला ती गाणी येत नाहीत हो काका, म्हणून विचारलं."

मंडळी, मला लाज कशाची वाटली सांगतो. ज्या माणसानं उभी नोकरी कोठारात काढली, त्याच्या हातून हे झालं. आमच्याकडे प्रत्येक खणाला बिन कार्ड असतं. माल कुठला, कधी आला, किती गेला, किती उरला, सगळं त्यावर. दारूगोळ्याच्या प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. एका गोळ्यात दोष निघाला तर त्या लॉटचा सगळा माल, तो देशात कुठेही असो, शोधून बाजूला काढता आला पाहिजे. कोठारातला नियम साधा आहे. काल रुजू झालेल्या शिपायालाही रात्री दोन वाजता हवी ती पेटी सापडली पाहिजे. साहेबाला आठवतंय म्हणून चालत नाही. घरी मात्र मी 'मला आठवेल' या भरवशावर होतो.

हा भरवसा आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांची गाठोडी कापडात बांधून ठेवलेली आहेत. त्यांना 'रुमाल' म्हणतात. रुमाल म्हणजे त्या काळचा फोल्डरच समजा. रियासतकार सरदेसाईंनी त्या दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून आणले. ते खंड चाळताना एक अडचण सारखी दिसते. कित्येक पत्रांवर तारीख आहे, पण साल नाही. 'छ' म्हणजे चंद्र, मग त्याचा आकडा, पुढे साबान किंवा रमजान असा महिना आणि बस. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कुठलं साल चालू आहे ते माहीतच होतं, मग लिहायचं कशाला? दोनशे वर्षांनी अभ्यासकाला मात्र पत्रातल्या स्वाऱ्या, माणसं, मृत्यू यांवरून साल ताडत बसावं लागतं.

माझा 'नवीन' हा फोल्डर म्हणजे साल नसलेलं पत्रच होतं. नवीन कधीचं, कशाच्या मानानं नवीन? आज जे मला ठाऊक आहे ते उद्या ठाऊक नसणार आहे, हे गृहीत धरून नाव द्यायचं. एवढी एक गोष्ट पटली की बाकीचे नियम आपोआप सुचतात. मी कसं करतो ते सांगतो. तुम्ही कविता लिहीत असा, नाटक बसवत असा, फोटो काढत असा किंवा वडिलांचं चरित्र लिहीत असा, तुम्हाला हे लागू पडेल.

आधी फोल्डर. प्रत्येक कामाचा एकच मोठा फोल्डर करतो आणि त्यात चारच कप्पे. '०१ मूळ', '०२ काम', '०३ तयार' आणि '०४ कागदपत्रं'. 'मूळ' मध्ये रेकॉर्डरमधून, कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आलेली गोष्ट. ती तिथे गेल्यावर तिला पुन्हा हात लावायचा नाही. कापाकापी करायची तर 'काम' मध्ये प्रत घेऊन. लोकांना पाठवलेलं, छापलेलं, प्रसिद्ध झालेलं सगळं 'तयार' मध्ये. परवानग्या, पत्रव्यवहार, खर्च 'कागदपत्रां'त. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर असं खोल जायचं नाही. तीन पायऱ्यांच्या खाली उतरलं की माणूस वाट चुकतो.

आता फाइलचं नाव. क्रम असा : तारीख, गाव, माणूस, विषय, क्रमांक. उदाहरणार्थ '२०१९-०१-२०_होसकोटे_आजी_हळदगाणी_०१'. तारखेत साल आधी, मग महिना, मग दिवस. यात माझी सुरुवातीला फजिती झाली. लष्करी संदेशात दिवस आधी लिहितात. पंधरा तारखेला दुपारी अडीच वाजता म्हणजे १५१४३०, मग महिना आणि साल. त्या सवयीनं मी फाइलींना नावं दिली, तर सगळ्या वर्षांच्या पंधरा तारखा एकत्र येऊन बसल्या. संगणक डावीकडून एकेक अक्षर ताडून रांग लावतो. साल आधी लिहिलं की रांग आपोआप कालक्रमानं लागते. आयएसओ ८६०१ या १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे. तारखेत तिरकी रेघ घालू नका. विंडोजमध्ये ती फाइलच्या नावात चालतच नाही. आडवी छोटी रेघ चालते.

'फाइलला तारीख असतेच की, संगणक दाखवतो', असं काही जण म्हणतात. तिच्यावर विसंबू नका. फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की 'तयार केल्याची तारीख' म्हणून बहुतेक वेळा कॉपी केल्याचा दिवस दिसतो. नावात लिहिलेली तारीख मात्र फाइलबरोबर प्रवास करते.

क्रमांक ०१, ०२ असा शून्य लावून लिहा, फोटो जास्त असतील तर ००१. शून्य नसेल तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो. हल्लीच्या बऱ्याच संगणकांना हे समजतं, पण तुमची फाइल पुढे कुठल्या यंत्रावर उघडली जाईल ते तुम्हाला माहीत नाही.

लेखनाच्या फाइलीसाठी 'फायनल' हा शब्द मी घरातून हद्दपार केलाय. फायनल, फायनल खरं, फायनल शेवटचं, फायनल सरांनी तपासलेलं, यातलं शेवटचं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खर्डा ०१, खर्डा ०२ असं लिहा. मोठा आकडा तो नंतरचा. बाहेर गेलेली प्रत 'तयार' मध्ये, तारखेसकट.

आता खास आपल्या मराठीची अडचण. माझं गाव कऱ्हाड. त्यातला 'ऱ्हा' संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरं वेगळी. एका तऱ्हेनं नाव दिलं आणि दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं तर 'सापडलं नाही' असं उत्तर येऊ शकतं. माझ्या स्वतःच्या गावाच्या निम्म्या फाइली मला अशा दिसत नव्हत्या. अंकांचंही तेच. देवनागरी १२ शोधलं की रोमन १२ हाती लागेलच असं नाही. पुस्तकात हे आकडे देवनागरीत छापले जातील, पण फाइलींच्या नावांत मी सगळीकडे रोमन आकडेच वापरतो. तुम्ही कुठलेही वापरा, पण एकच. गावांची आणि माणसांची नावं कशी लिहायची याची एक यादी करून 'कागदपत्रां'त ठेवा आणि तिथूनच उचला. नावं आखूडही ठेवा. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणक ती आठ मोजतो. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला साधारण २६० चिन्हांची मर्यादा अनेक ठिकाणी अजून आडवी येते.

व्हॉट्सॅपवरून फोटो पाठवताना एक लक्षात ठेवा. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचं तुम्ही दिलेलं नाव जातं आणि प्रतही हलकी होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर नाव टिकतं.

प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'आधी वाचा' नावाची एक साधी मजकूर-फाइल ठेवा. हे काम काय आहे, नावांचा क्रम काय, कुणाची परवानगी कशासाठी घेतली, कुठवर आलंय. दहा ओळी पुरतात. हेच आपलं बिन कार्ड. आणि सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक डिस्क मुलीकडे असते. नाव चांगलं असेल तर फाइल सापडते, पण ती उरण्यासाठी प्रत लागते.

आता तुम्ही म्हणाल, पंधरा वर्षांचा पसारा आहे, तो कधी आवरायचा? आवरू नका. मी आवरायला गेलो म्हणूनच गाणी गेली. सगळं आहे तसं उचलून 'जुनं' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा, त्याची प्रत घ्या, आणि आजपासून येणाऱ्या फाइलींना नीट नाव द्या. जुन्यातल्या रोज दहा फाइली उघडून पाहा. आणि दोन फोल्डर एकत्र करताना संगणकानं काही विचारलं तर 'नाही' म्हणा, उठा, चहा घ्या आणि मग परत या.

आजींचं काहीच मिळालं नाही असं नाही. चार रात्री शोधताना फोनवर केलेली एक अकरा मिनिटांची फाइल हाती लागली. रेकॉर्डर सुरू करण्याआधी आवाज कसा येतो ते बघायला केलेली. त्यात गाणं नाही. आजी सुनेला चहा ठेवायला सांगतायत, मला विचारतायत की कऱ्हाडला पाऊस किती पडतो, आणि मध्येच कुणावर तरी हसतायत. ती मी नातीला पाठवली.

ती फाइल आता '२०१९-०१-२०_होसकोटे_आजी_गप्पा_०१' या नावानं 'मूळ' मध्ये आहे. शेजारी 'आधी वाचा' आहे. त्यात शेवटची ओळ मी अशी लिहिली आहे : 'याच दिवशी हळदीची गाणीही घेतली होती, सुमारे चाळीस मिनिटं. ती माझ्या हातून पुसली गेली. ही गाणी येणारं दुसरं कुणी भेटलं तर आधी त्यांच्याकडे जावं.'

जानेवारीपासून मी पुन्हा घरोघर जायला लागलोय. आजींच्या धाकट्या जाऊबाई मालूरकडे असतात असं कळलंय. पुढच्या रविवारी नातीला घेऊन जाणार आहे.

तुम्हीही आज रात्री एकच फाइल उघडा, कुठलीही, आणि तिला असं नाव द्या की तुम्ही नसताना तुमच्या मुलांना ती सापडेल.

जय हिंद.