निजामाची फिर्याद आणि रयतेची खुर्ची
(१७ सप्टेंबरच्या सभेंतील भाषण)



सातवीच्या एका मुलानें परवां आम्हांस विचारलें, "गुरुजी, धुऱ्याचें भांडण झालें म्हणजे आपण तालुक्याच्या कोर्टांत जातों, मग निजाम कोणत्या कोर्टांत गेला होता?" प्रश्न फार चांगला आहे. आज मुक्तिदिनाला त्याचेंच उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राज्याराज्यांमधील व्यवहाराच्या कायद्यास आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. आपल्या कोर्टासारखा त्याचा बेलीफ दारांत येत नाहीं. तो मुख्यतः करार आणि वहिवाट ह्या दोन पायांवर उभा आहे. वहिवाट म्हणजे काय तें तुम्हांस सांगावयास नको. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या गाडी जात असली कीं कागद नसतांही ती वाट कोणास मोडतां येत नाहीं. राज्यांचेंही तसेंच. ग्रोशियस नांवाच्या डच पंडितानें १६२५ सालीं युद्ध व तह यांच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ह्या विद्येस शास्त्राचें रूप येऊं लागलें. तिचा एक मोठा नियम असा कीं, राज्य लहान असो वा मोठें, मान सारखा. म्हणून फिर्यादी दारांत आला कीं पहिला सवाल हाच: तूं राज्य आहेस काय?

निजामाची अडचण येथेंच होती. १७९८ व १८०० च्या तहांनीं त्यानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली व परराज्यांशीं परस्पर बोलण्याचा हक्क सोडला. १९२६ सालीं तर लॉर्ड रेडिंगनें पत्र लिहून त्यास सुनावलें कीं हिंदुस्थानांत सार्वभौम सत्ता एका इंग्रज बादशहाची. १९४७ च्या कायद्यानें ती सत्ता संस्थानांवरून उठली, तेव्हां निजाम म्हणूं लागला, आतां आम्ही स्वतंत्र! हिंद सरकारचें म्हणणें, हैदराबाद स्वतंत्र कधीं नव्हतेंच. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, आणि तो मोडल्याचा आरोप दोघांनींही एकमेकांवर केला.

२१ ऑगस्ट १९४८ रोजीं निजाम सरकारनें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे फिर्याद धाडली. सभासद नसलेल्या राज्यालाही तक्रार आणतां येते, असें सनदेचें ३५ वें कलम आहे. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा हैदराबादेच्या हद्दींत शिरल्या. १६ ला परिषदेनें पॅरिसमध्यें प्रकरण हातीं घेतलें. हिंदची बाजू मांडणारे रामस्वामी मुदलियार म्हणाले, हें राज्यच नव्हे, ह्यास येथें उभें राहण्याचा अधिकार नाहीं. दुसऱ्याच दिवशीं निजाम शरण आला, आणि २२ तारखेस त्यानें फिर्याद मागें घेतल्याची तार केली. मे १९४९ त पुन्हां थोडी चर्चा झाली. निकाल कांहींच लागला नाहीं. तेव्हां त्या मुलास आमचें उत्तर हें कीं, निजाम गेला तें कोर्टच नव्हे. ती राज्यांची पंचायत होती.

त्या पंचायतींत आपल्या दीड कोटींहून अधिक रयतेला खुर्ची नव्हती. बोलणीं चालतांना सार्वमताची भाषा निघाली होती, पण मत कोणी घेतलें नाहीं. रझाकारांनीं गांवें लुटलीं, जाळलीं. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातुरासच वकिली करी. पोलिस ॲक्शननंतर आमच्या मुसलमान शेजाऱ्यांवर तोच प्रसंग आला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीनें हिंडून लिहिलें कीं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळले. लातूर तेव्हां उस्मानाबादेंत होतें. तेथें कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. हा अहवाल कित्येक दशकें दाबून ठेवण्यांत आला. मुक्तिदिनाला हें बोलूं नये असें कांहीं जणांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. रयत म्हटली कीं ती सगळी रयत. मानवी हक्कांचा जाहीरनामा त्याच पॅरिसमध्यें, त्याच वर्षीं १० डिसेंबरला मंजूर झाला. लातूरकरांना त्याचा काय उपयोग झाला, तें तुम्हीच पहा.

आतां पैशाची गोष्ट. शरणागतीनंतर तिसऱ्या दिवशीं, २० सप्टेंबरला, निजामाचे १०,०७,९४० पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेंत पाकिस्तानचे हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या खात्यांत गेले. निजामानें ते परत मागितले. १९५७ त इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेनें सांगितलें कीं, पाकिस्तान हें राज्य आहे, त्याच्या कबुलीवांचून त्यास आमच्या कोर्टांत खेंचतां येत नाहीं. पहा, मानाचा तोच नियम! पैसा पडून राहिला. २०१३ त पाकिस्तान आपण होऊन कोर्टांत उतरलें, तेव्हां दार उघडलें. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं निकाल लागला. रक्कम तोंवर सुमारें साडेतीन कोटी पौंड झाली होती. ती निजामाच्या दोन नातवांची व भारत सरकारची ठरली. संस्थानची तिजोरी सारा, जकात, अबकारी यांनीं भरे; पण सारा देणारा त्या दाव्यांत कोठेंच नव्हता.

वकिली शिकणाऱ्या मुलांना हा विषय असतो. आमचीं पोरें तो परीक्षेपुरता उरकतात. परिषदेच्या बैठकींचें दप्तर छापलेलें आहे, लंडनचा निकालही छापलेला आहे; दोन्ही इंग्रजींत आहेत. ज्यांस वाचावयाचे असतील त्यांनीं रविवारीं सकाळीं शाळेंत यावें. आम्ही शब्दकोश घेऊन बसणार आहोंत; मुलींनींही यावें.