त्वचेतील अदृश्य सांधे



बिदर-कलबुर्गीकडील जुनी माळवदाची घरे आपल्या परिचयाची आहेत. खांब भक्कम असावा, तुळईही भक्कम असावी. परंतु दोहोंचा सांधा ढिला पडला, तर वरच्या मातीचा भार पेलणार कोण? आपल्या त्वचेची रचनाही अशाच सांध्यांवर उभी आहे.

त्वचेच्या पेशीत प्रथिनांच्या तंतूंची तीन जाळी असतात. ॲक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे. पेशीचा आकार व हालचाल त्यांच्याकडे. सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर रुंद. पेशीतील मालाची ने-आण त्यांच्यावरून चालते. केराटिनचे तंतू सुमारे १० नॅनोमीटरचे. ओढाताण सोसणे हे त्यांचे काम. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय.

ही जाळी एकमेकांशी जोडणारी प्रथिने निराळी असतात. त्यांपैकी प्लेक्टिन हे व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ गेरहार्ड विखे व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास उजेडात आणले. साडेचार हजारांहून अधिक अमिनो आम्लांची ही लांबलचक साखळी एका टोकाने ॲक्टिनला धरते, तर दुसऱ्या टोकाने केराटिनला. त्वचेच्या तळाशी, पेशी जेथे खालच्या थरात रोवलेली असते, तेथील गाठींनाही ती केराटिन बांधून ठेवते. शेजारच्या दोन पेशी जेथे जुळतात, तेथे हेच काम डेस्मोप्लाकिन करते.

हा सांधा निखळला तर काय होते, ते १९९६ साली स्पष्ट झाले. एका आनुवंशिक रोगात किरकोळ घर्षणानेही अंगावर फोड येतात आणि पुढे स्नायूही दुर्बळ होतात. त्याचे मूळ प्लेक्टिनच्या जनुकातील दोषात सापडले. स्नायूंतही हेच प्रथिन तंतूंना धरून ठेवते, हे यावरून ध्यानी यावे. फोडांच्या या रोगाचे इतरही प्रकार आहेत. पुष्कळदा दोष खुद्द केराटिनमध्येच असतो.

वर सांगितलेल्या प्रकारात माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच रोग प्रकटतो. दोघेही स्वतः निरोगी असतात. आपल्या भागात मामा-भाचीचे आणि आते-मामेभावंडांचे विवाह रूढ आहेत. जवळच्या नात्यात एकच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. म्हणून ज्या घरात असे मूल जन्मले, त्या घराने पुढील सोयरीक जुळविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल. यात कोणास दोष देण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हे फोड संसर्गाने पसरत नाहीत. ते कोणाच्या पापाचे फळही नव्हेत. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नयेत. मऊ कपडे, न घासणारी पादत्राणे, स्वच्छ मलमपट्टी आणि डॉक्टरांची देखरेख यांनी मुलाच्या वेदना पुष्कळ कमी होतात. अशा मुलाला वर्गात वेगळे बसविण्याची मुळीच आवश्यकता नाही. त्याला बाकावर इतरांच्या शेजारीच जागा द्यावी. पेशीतला सांधा आपल्याला बसविता येत नसला, तरी माणसामाणसांतला सांधा निखळू न देणे आपल्या हाती आहे.