ऑपरेशननंतरचं दुखणं सोसू नका, सांगा



आपल्याकडं सोनोग्राफी म्हटलं की गरोदर बाईच डोळ्यापुढं येते. मग मोडलेल्या हाताच्या ऑपरेशनला सोनोग्राफीचं मशीन आणलेलं दिसलं, तर बिलोलीतली कुठलीही सासू विचारील, "अगं, हिला कशाला हे?" आज त्याचंच उत्तर.

दुखल्याचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या नसा असतात. या रक्ताच्या नसा नव्हेत. अशा नसेभोवती भुलीचं औषध सोडलं की निरोप अडतो, तेवढाच भाग बधिर होतो. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. पूर्वी भुलीचे डॉक्टर शरीरावरच्या खुणा पाहून, अंदाजानं सुई घालत. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हाताच्या नसांसाठी सोनोग्राफी वापरून दाखवली. आता पडद्यावर नस, शेजारची रक्तवाहिनी आणि सुई दिसते.

त्याच १९९४ मध्ये आपल्या देशात गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा झाला. त्यामुळं भुलीच्या डॉक्टरांच्या सोनोग्राफी मशीनचीही सरकारदरबारी नोंद लागते.

एका इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो. म्हणून गुडघा बदलण्यासारख्या मोठ्या ऑपरेशनला नसेजवळ बारीक नळी ठेवतात. तिला कॅथेटर म्हणतात. त्यातून दोन-तीन दिवस थोडंथोडं औषध जातं. दुखणं कमी राहिलं की व्यायाम लवकर सुरू होतो, आणि गुंगी व मळमळ आणणारी औषधं कमी लागतात.

आता लक्षात ठेवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, एखादं औषध सोसत नसेल, तर आधीच सांगा. पाय बधिर असताना एकटीनं उठू नका, तोल जातो. बधिर हात चुलीपासून, गरम पाण्यापासून दूर ठेवा. भाजलेलं कळत नाही. ओठांना मुंग्या आल्या, कानात आवाज आला, तोंडाला लोखंडासारखी चव आली, तर लगेच नर्सताईंना हाक मारा. नळीची जागा लाल झाली, तरी सांगा.

ही सोय सगळ्याच दवाखान्यांत नसते, आणि सगळ्याच ऑपरेशनला लागतही नाही. पण ऑपरेशनची तारीख ठरली की भुलीच्या डॉक्टरांना विचारा, "नंतर दुखू नये म्हणून काय करणार?" गटातली एखादी ऑपरेशनला निघाली, तर सोबत जाणारीनं हा प्रश्न विसरू नये.

बाईच्या जातीनं सोसावं, हे आपण लहानपणापासून ऐकलं. दुखतंय हे सांगणं म्हणजे नखरे नव्हेत, बायांनो. सांगितलं तरच उपाय होतो.