कराचे कागद आणि आपले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने आज मला बोलावयास उभे केले आणि विषय दिला, "माझा व्यवसाय". मागच्या वर्षी याच व्यासपीठावरून एका भगिनीने उन्हाळी वाळवणांविषयी इतके सुरेख सांगितले की आपणांपैकी कित्येकींनी ते घरी जाऊन करून पाहिले. माझ्या भाषणानंतर घरी जाऊन करून पाहण्यासारखे रुचकर असे काही नाही. मी लोकांची आयकराची आणि जीएसटीची विवरणपत्रे भरून देते. मी सनदी लेखापाल नव्हे, बी. कॉम. झाल्यावर एका करसल्लागारांच्या कचेरीत काम शिकले आणि पुढे मोंढ्याजवळ दोन खोल्या घेऊन स्वतःचे काम सुरू केले. गावात मला कोणी "टॅक्सवाल्या ताई" म्हणतात, कोणी "वकीलबाई" म्हणतात.

पुष्कळांना वाटते, हे आकडेमोडीचे काम आहे. खरे सांगायचे तर आकडेमोड आता यंत्रच करते. माझा दिवस जातो तो कागद गोळा करण्यात, नावे जुळविण्यात आणि माणसांची समजूत घालण्यात.

आपल्या भागाला हा कर तसा उशिरा भेटला. इंग्रजी मुलखात आयकर आला तो १८६० साली. आपण निजामाच्या राज्यात होतो. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि सबंध देशाचा आयकर कायदा आपल्याकडे लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. त्यानंतर १९६१ चा कायदा आला. तोच मी घोकला, त्यातील कलमांचे आकडे झोपेतही सांगू शकेन. आता त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यात ५३६ कलमे आहेत, आणि त्यांचे आकडे सगळे बदललेले! म्हणजे या वयात मी पुन्हा पाढे पाठ करते आहे. असो.

आमच्या कामाला हंगाम असतो, जसा हळदीला असतो. फाल्गुन-चैत्रात वसमत, औंढा, कळमनुरीकडे हळद काढणे, शिजविणे, वाळविणे चाललेले असते. तेव्हा माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. जुलै उजाडला की सारे एकदम येतात. कोणी पिशवीभर कागद आणतो. त्यात विजेची बिले, लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या सारे असते आणि बँकेचे पुस्तक तेवढे नसते. २०२५ साली सरकारने ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढविली. मला वाटले, यंदा सुखाने झोप मिळेल. पण आपल्या लोकांनी तेवढेच दिवस वाट पाहिली. शेवटच्या दिवशी संगणकावरचे सरकारी दार इतके मंद झाले की मुदत आणखी एक दिवस, १६ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. त्या रात्री माझ्या कचेरीत सहा माणसे भिंतीला टेकून बसली होती, आणि त्यांतील दोघांचा ओटीपी पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाच्या फोनवर जात होता. मुलगा रात्रपाळीला, फोन पेटीत बंद. आता सांगा, यात कोणते कायद्याचे ज्ञान उपयोगी पडणार?

नावांचा घोळ हा तर खास आपल्या बायकांचा. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. कोठे पतीचे नाव मधे, कोठे वडिलांचे. पॅनकार्डावर एक, आधारावर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे. पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ ला संपली आणि जे जोडले गेले नव्हते ते पॅन १ जुलैपासून निष्क्रिय झाले. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. पती वारलेले, ठेवीच्या व्याजावर घर चाललेले. पॅन निष्क्रिय म्हणून बँकेने व्याजातून शंभराला दहाऐवजी वीस रुपये कापले, आणि परतावा मागावा तर तोही निष्क्रिय पॅनवर मिळेना. लग्न १९७८ सालचे, दाखला कोठून आणणार? राजपत्रात नाव प्रसिद्ध करून, मग आधार सुधारून, मग हजार रुपये भरून जोडणी. सात महिने गेले. बाई दर सोमवारी येत, कधी चिडत नसत. "ताई, शाळेत मी हजारो पोरांची नावं हजेरीत लिहिली, माझंच नाव कोणी नीट लिहिलं नाही," असे एकदा म्हणाल्या. जिच्या कागदांवर अशी दोन नावे असतील तिने ते काम निकडीची वेळ येण्याआधीच करून घ्यावे.

ठेवींवरून आठवले. एक एप्रिल २०२५ पासून साठीच्या पुढच्या व्यक्तीला एका बँकेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत व्याज मिळाले तर बँक कर कापीत नाही; इतरांना ही मर्यादा पन्नास हजार. त्याहून व्याज जास्त, पण एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, अशा वेळी बँकेत लिहून द्यायचे असते. तो कागद आजवर १५-जी आणि ज्येष्ठांसाठी १५-एच या नावांनी चालत आला. तो वर्षाच्या आरंभी द्यावा. फाल्गुनात देऊन उपयोग नाही, तोवर पैसे कापले गेलेले असतात.

हळदीविषयी मला सर्वांत जास्त विचारतात, आणि २०२४ साली "वसमत हळद" या नावाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर अधिकच. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे आपण जाणताच. पण "आम्ही हळद शिजवतो, पॉलिश करतो, मग तो कारखाना झाला का?" असे एका काकूंनी विचारले. नाही झाला. आपल्या शेतातला माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी नेहमी जे करतो ते शेतीतच मोडते. मात्र शेजाऱ्यांची हळद विकत घेऊन, पॉलिश करून मोंढ्यात घातली तर तो व्यापार, आणि त्याच्या नफ्यावर कर आहे. आणखी एक बारकावा. नोकरीचे करपात्र उत्पन्नही आहे आणि शेतीचे पाच हजारांवर आहे, तर शेतीचा आकडा विवरणपत्रात दाखवावा लागतो. त्यावर कर नसला तरी बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरविताना तो धरतात. आडत्याकडची पट्टी म्हणूनच जपून ठेवा. चुलीत घालू नका.

गेल्या काही काळात एक नवाच प्रश्न घेऊन बायका येतात. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार सुरू झाले. तिच्या अटींत, कुटुंबात कोणी आयकरदाता नसावा, अशी अट आहे. किसान सन्मान निधीच्या सहा हजारांनाही तशीच अट आहे. तेव्हा, "ताई, मुलाच्या कर्जासाठी रिटर्न भरलं तर माझे दीड हजार जातील का?" विवरणपत्र भरणे निराळे आणि कर भरणे निराळे, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. आणि याच्या उलटही असते. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही असे २०२५ च्या अर्थसंकल्पात ऐकले, म्हणून काहीजणांनी विवरणपत्रच सोडून दिले. त्या वर्षापासून कर माफ बारा लाखांपर्यंत असला तरी विवरणपत्राचे बंधन चार लाखांच्या वर सुरू होते. चुकले की उशिराचे शुल्क, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एक हजार आणि त्यावर असेल तर पाच हजार.

फीविषयी न बोलावे हे बरे, पण विषय "व्यवसाय" आहे म्हणून बोलते. "बटणच तर दाबायचं, त्याचे पाचशे कसले?" हे मी रोज ऐकते. एक गृहस्थ दरवर्षी फीऐवजी दोन किलो हळद देतात. ती उत्तम असते, म्हणून माझी तक्रार नाही. खरी अडचण आहे ती खोटा परतावा मिळवून देणाऱ्यांची. न दिलेली देणगी, न भरलेले घरभाडे दाखवून ते पंधरा-वीस हजार परत आणून देतात आणि त्यातला हिस्सा घेतात. मग माझे अशील मला म्हणतात, "तुम्हाला जमत नाही का?" नाही जमत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने असल्या धंद्यासाठी देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. पकडले गेल्यावर करही भरायचा, व्याजही भरायचे आणि उत्पन्न खोटे दाखविले म्हणून कराच्या दुप्पट दंडही. आणि तो भरायचा कोणी? ज्याच्या नावाचे विवरणपत्र त्याने. सांगणारा तोवर गाव सोडून गेलेला असतो.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी हे भाषण देण्याचे कबूल केले.

माझ्या कपाटात ज्या दुकानांचे कागद आहेत त्यांपैकी कित्येकांच्या मालकीणबाईंना मी पूर्वी कधी पाहिलेच नव्हते. दुकान तिच्या नावावर, जीएसटीची नोंदणी तिच्या पॅनवर, फोन मात्र पतीचा किंवा दिराचा. तिने कोठेतरी सही केली, बोट टेकविले, आणि ती मालकीण झाली. हे तिला कोणी सांगितले नाही.

अशीच एक भगिनी एकदा दुपारी आली. डोक्यावरचा पदर नीट करीत तिने बँकेचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. दुधाचे पैसे तिच्या खात्यावर येत. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. पैसे काढावयास गेली तर बँकेने सांगितले, खाते अडकले आहे. तिला वाटले, सहीत काही फरक पडला असेल. मी तिच्या पॅनवरून पाहिले. तिच्या नावाने खत-बियाण्यांचे दुकान होते. दीर चालवीत होता. त्याने विक्री दाखविली होती, पण कर भरला नव्हता. कित्येक महिने. नोटिसा संगणकावर येऊन पडल्या, फोनवर संदेश आले, ते सारे दिराच्या फोनवर. शेवटी खात्याने बँकेला पत्र लिहिले आणि दुधाचे पैसे थांबले.

मी तिला म्हणाले, "अहो, हे दुकान तुमचे आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तर तिथं कधी चहाला पण गेले नाही."

एकट्या मालकाच्या दुकानात दुकान निराळे आणि माणूस निराळा असे कायदा मानीत नाही. दुकानाचे देणे ते तिचे देणे. तिची म्हशीची कमाईही त्यात जाऊ शकते. हे मी तिच्या दिराला बोलावून, तिच्यासमोर सांगितले. तो वाईट माणूस नव्हे. त्याच्या स्वतःच्या नावावर जुने कर्ज थकले होते, म्हणून त्याने वहिनीचे नाव लावले. घरोघरी चालते तसेच. त्याने हळद विकून रक्कम भरली आणि खाते मोकळे झाले. पण दुकान अजून तिच्याच नावावर आहे. मालक बदलायचा तर ती नोंदणी रद्द करून दुसऱ्याच्या पॅनवर नवी घ्यावी लागते, आणि "बघू, दिवाळीनंतर" असे चालले आहे. ती मात्र आता दर तीन महिन्यांनी स्वतः येते, भरलेली चलने मागून घेते आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते.

बंद पडलेल्या दुकानांचेही असेच. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी शटर ओढले ते कायमचेच. नोंदणी मात्र रद्द केली नाही. नोंदणी असेपर्यंत शून्याचे का होईना विवरणपत्र भरावेच लागते. न भरले तर दिवसाला वीस रुपये चढतात, एका विवरणपत्राला पाचशेपर्यंत. आपल्या नावे असे एखादे झोपलेले दुकान आहे का, हे घरात जरूर विचारा. भांडण करून नव्हे, चहा देता देता विचारा.

तेव्हापासून माझ्या कचेरीत मी एक नियम केला. स्त्रीच्या नावाचे काम असेल तर ती स्वतः एकदा तरी यावी, मी तिला समजावून सांगेन आणि मगच कागद घेईन. यावरून दोन मोठी गिऱ्हाइके गेली. एकजण म्हणाला, "बाईमाणसाला कशाला तकलीफ?" मी म्हटले, नोटीस तिच्याच नावाने येणार आहे, तेव्हा तकलीफ तिलाच आहे. तो उठून गेला. गेला तर गेला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पतीने पत्नीला पैसे दिले आणि तिने ते ठेवीत घातले, तर व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाते. नुसते नाव बदलून कर चुकत नाही. पण तुम्ही शिवणकाम करता, खानावळ चालवता, शिकवण्या घेता, ते उत्पन्न तुमचे आहे आणि त्याचे विवरणपत्रही तुमच्या नावाचे. बँक कर्ज द्यायचे झाले की तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. तेव्हा धावत येऊन "तिन्ही वर्षांची आजच करा, आकडा जरा वाढवून" असे सांगू नका. मी करणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी एवढेच, की १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला आपल्या राज्यात व्यवसाय कर नाही. पगारपत्रकात दोनशे रुपये कापलेले दिसले तर विचारा. आयकरात पूर्वी स्त्रियांना थोडी अधिक सूट असे, ती २०१२-१३ पासून गेली. कोणी अजून त्या सुटीचे सांगत असेल तर ती जुनी बातमी आहे.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षबाई करीत आहेत, आणि खजिनदारबाई माझी नजर चुकवीत आहेत, कारण मंडळाच्या पावत्या अजून माझ्याकडे यावयाच्या आहेत. अध्यक्षबाईंच्या संमतीने एक सांगते. पुढच्या महिन्यापासून दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसेन. आपले पॅनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक आणि आधारशी जोडलेला फोन, हे बरोबर आणावे. आपल्या नावावर काय काय आहे ते दोघी मिळून पाहू. फी नाही. हळदही नको, घरात पुष्कळ आहे.